वेदीवरील भाकर

एक साधी गोष्ट पाहावी. मिस्सेच्या वेळीं कॅथॉलिक लोक वेदीवर गहूं नव्हे, भाकर ठेवितात. द्राक्षें नव्हेत, द्राक्षारस. पीक ईश्वराचें खरें. पण दळणारा, मळणारा, भाजणारा हात माणसाचाच, आणि १९७० च्या रोमन मिस्साग्रंथांतील अर्पणाच्या प्रार्थनेंत त्या हाताचाहि स्पष्ट उल्लेख आहे.

काम मिळालें म्हणून देवाचे आभार मानावे. परंतु मजुरी बुडाली तरी गप्प बसावें, असा त्याचा अर्थ नव्हे. मजुराचें हक्काचें वेतन बुडविणें हें ईश्वराचा कोप ओढवणारें पाप होय, असें पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ च्या परिपत्रकांत बजावलें. १९५५ मध्यें बारावे पायस यांनीं १ मे, म्हणजे कामगारांचाच दिवस, श्रमिक संत योसेफाला वाहिला. या सुताराच्या तोंडचा एकहि शब्द शुभवर्तमानांत नाहीं. येशूची ओळख मात्र गांवकरी सुताराचा मुलगा अशीच देत.