तलंगेचा भाव किलोवर नको

आठवडी बाजारात डालग्यातली तलंग दिसली की गिऱ्हाईक आधी तिला हातात तोलून बघते आणि गावरान कोंबडीचा किलोचा भाव मनाशी धरून बोली लावते. विकणारीही बहुधा तिथेच फसते. पिल्लू तीस रुपयांचे, खाद्य पावणेदोनशेचे, लसी-औषधांचे दहा. म्हणजे अडीचशे आले तरी सुटले, असे म्हणत ती पक्षी देऊन टाकते. चूक दोघांचीही एकच. अंड्यावर यायच्या बेतात असलेली तलंग मांसासाठी घेतली जात नाही. तिच्यात पाच महिन्यांची जोपासना आणि निभावून नेलेली जोखीम असते, म्हणून तिचा भाव वजनावर नव्हे, वयाच्या आठवड्यांवर ठरायला हवा. शिवाय खर्च वाटायचा तो आणलेल्या पिल्लांवर नव्हे, शेवटपर्यंत जगलेल्या माद्यांवर.

उदाहरणादाखल 50 पिल्लांचा हिशेब मांडू. भाव ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत. तीस रुपयांप्रमाणे पिल्लांचे 1500. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे ती उतरवत न्यायची आणि मधल्या काळात लासोटा, गंबोरो, देवी व आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतची पुढची लस द्यायची. वीज, तूस, लसी, जंतनाशक मिळून 500 धरू. दहा टक्के मर झाली, तर 45 पक्षी उरतात. आठ आठवड्यांत प्रत्येकी दोन किलो खाद्य, 40 रुपये किलोने, म्हणजे 3600. एकूण 5600, पक्ष्यामागे सव्वाशे. आता तुरे फुटून नर ओळखू येतात आणि 45 पैकी माद्या निघतात 22. नर विकून त्यांनी आपापला खर्च भागवला असे समजू. पुढच्या बारा आठवड्यांत मोकळे चरून वर कोंडा, कणी, मका असे तीस रुपये किलोचे दररोज 40 ग्रॅम दिले, तरी मादीमागे शंभर रुपये जातात. मुंगसाने, कुत्र्याने दोन नेल्या, उरल्या 20. त्या दोघींचा खर्च याच विसांवर बसतो आणि आकडा 247 वर जातो. रोज अर्धा तास राबण्याचे तासाला 50 रुपये धरले, पहिल्या आठ आठवड्यांतली निम्मी मजुरी नरांवर टाकली, तरी तलंगेमागे आणखी 140 येतात. म्हणजे एक तलंग 387 रुपयांना पडते. मघाच्या तोंडी हिशेबात ती सव्वादोनशेच्या आत होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: घरच्या कोंबड्या उकिरड्यावर चरतात, त्यांना खर्च कसला? त्यात तथ्य आहे. ज्यांना परसात मोकळी जागा, भाताचा-गव्हाचा सांडलवंड दाणा आणि किडा-मुंगी भरपूर मिळते, त्यांचा खाद्याचा आकडा खाली येईल आणि तो तसा खाली दाखवायलाच हवा. पण चराईने लस मिळत नाही, ऊब मिळत नाही आणि घारही थांबत नाही. दुसरा आक्षेप मजुरीचा: घरच्या बाईचे काम कशाला मोजायचे? तेच काम गड्याकडून करून घेतले तर पैसे मोजावे लागतात, हे त्याचे उत्तर. तिसरा आक्षेप मात्र विकणाऱ्याने ऐकावा असा आहे. आषाढात किंवा जत्रेच्या तोंडावर गावरान कोंबडा चढ्या भावाने जातो. नरांनी असा वरकड पैसा दिला असेल, तर तो तलंगेच्या खर्चातून वजा करणे हाच प्रामाणिकपणा. उलट श्रावणात मटण-कोंबडीची मागणी पडली म्हणून तलंगेचा भाव पाडायचे कारण नाही. ती कापायला नव्हे, अंड्यांसाठी चालली आहे.

खर्चाने भावाचा तळ ठरतो, माथा ठरतो तो अंड्यांनी. परसातली सुधारित जातीची कोंबडी वर्षाला शंभर अंडी देईल आणि अंडे दहा रुपयांना जाईल असे धरले, तर हजार रुपये येतात. दररोज 40 ग्रॅम दाण्याचे, तीस रुपये किलोने, वर्षाचे 438 वजा केले की साडेपाचशेच्या वर उरतात. म्हणजे चारशेला घेतलेली तलंग पहिल्याच वर्षात पैसे फेडते, आणि शेवटी पक्षी हाती असतोच. अस्सल देशी कोंबडीचे गणित निराळे. तिची अंडी कमी, पण ती खुडूक बसून 21 दिवसांत पिल्ले काढते आणि सांभाळतेही. ज्याला पिल्ले हवीत त्याने तिला जास्त भाव द्यावा. ज्याला फक्त अंडी विकायची आहेत त्याने वनराज, ग्रामप्रियासारख्या हैदराबादच्या संशोधन केंद्राने तयार केलेल्या जाती बघाव्यात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही एकदिवसीय पिल्लांचा गट वेगळा आणि 8 ते 10 आठवड्यांच्या 25 तलंगा व 3 नरांचा गट वेगळा ठेवला आहे. त्या अनुदानाच्या दराशी घरगुती भावाची तुलना मात्र करू नये. तिथे खर्चाचा वाटा सरकार उचलते.

पूर्ण भाव मागणाऱ्याने मालही पुरा दाखवायला हवा. तलंग म्हणून जुनी, उतरलेली कोंबडी गळ्यात मारली जाते, ही गिऱ्हाइकाची भीती रास्त आहे. पिवळ्या पायांच्या जातीत अंडी न दिलेल्या मादीचे पाय पिवळेधमक असतात. अंडी देत गेली की रंग उतरत जातो. पायाचे खवले गुळगुळीत हवेत. शेपटीखालची दोन हाडे चाचपली, तर अंड्यावर न आलेल्या मादीत ती जवळजवळ असतात. देत्या कोंबडीत त्यांच्यात दोन-तीन बोटे मावतात. सोबत पिल्लाची जात, उबवणीची तारीख आणि लसींच्या तारखा लिहिलेली चिठ्ठी द्यावी.

वरच्याच हिशेबाने आठ आठवड्यांची तलंग मजुरीसह सुमारे 155 रुपयांना पडते आणि वीस आठवड्यांची 387 ला. मधल्या प्रत्येक आठवड्याचा भाव या दोन टोकांमध्ये बसवता येतो. बचत गटांनी आपल्या गावचे दर घालून असा तक्ता करावा आणि बाजाराच्या दिवशी डालग्यावर लावावा. घेणाऱ्यानेही पक्षी उचलण्याआधी वजन नव्हे, वय आणि लस विचारावी.