एकाच बाजूचे चोंदलेले नाक

नाक चोंदले की वाफ घ्यावी, घोळणा फुटला की डोक्यावर गार पाणी थापावे आणि कांदा हुंगवावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत. साधी सर्दी आठवड्याभरात ओसरते, आणि ती बहुधा दोन्ही नाकपुड्यांना त्रास देते. परंतु नाकाची एकच बाजू महिनोन्‌महिने बंद राहिली किंवा त्याच बाजूने वारंवार रक्त येऊ लागले, तर "हाड वाढले असेल" असे म्हणून ती तक्रार बाजूस सारणे योग्य नव्हे. तेथे अर्बुद, म्हणजे गाठ, तर नाही ना, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे.

यांतील अनेक गाठी सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. मात्र 'सौम्य' या शब्दाने गाफील राहू नये. नाकाच्या शेजारी डोळ्याची खोबण आहे, वर मेंदू आहे आणि मध्ये काही ठिकाणी कागदासारखे पातळ हाड. वाढती गाठ हे हाड झिजवू शकते.

'इन्व्हर्टेड पॅपिलोमा' बहुधा पन्नाशी-साठीच्या पुरुषांत आढळतो. त्याचे आवरण बाहेर फुलण्याऐवजी आत दुमडत जाते. मूळ शिल्लक राहिले तर तो पुन्हा उगवतो, आणि शंभरांतील सुमारे ५ ते १० रुग्णांत त्याच्यासोबत कर्करोगही आढळतो. 'अँजिओफायब्रोमा' मात्र जवळजवळ केवळ वयात येणाऱ्या मुलग्यांना होतो. तो रक्तवाहिन्यांनी इतका भरलेला असतो की तपासणीसाठी त्याचा तुकडा काढणेही धोक्याचे ठरते. म्हणून निदान सीटी स्कॅन आणि एमआरआयवरून केले जाते.

पूर्वी अशा गाठींसाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर छेद घ्यावा लागे. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदंडांच्या दुर्बिणीने नाकाच्या आतील कानाकोपरा स्वच्छ दिसू लागला. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी तिच्या साह्याने नाकाचा सूक्ष्म अभ्यास केला. सायनसच्या विकारांसाठी रुजलेले हे तंत्र पुढे गाठींसाठीही वापरले जाऊ लागले.

आज पूर्ण भूल देऊन सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत घालतात. पडद्यावर पाहत गाठ कमी करीत तिचे मूळ गाठायचे, भोवतालचे अस्तर काढायचे आणि खालचे हाड घासायचे, हा या शस्त्रक्रियेचा गाभा. अँजिओफायब्रोमात बहुधा एक-दोन दिवस आधी जांघेतील रोहिणीतून नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. तथापि गाठ फार पसरलेली असेल, तर बाहेरून छेदही घ्यावा लागतो. रक्तस्राव, डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचे पाणी झिरपणे हे धोके विरळ असले, तरी त्यांविषयी शल्यविशारदांना आधीच विचारावे.

काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीस पाठवली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. नंतर काही आठवडे नाक जोराने शिंकरू नये आणि सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने धुवावे. श्वास मोकळा झाला की फेरतपासणी टाळण्याचा मोह होतो, पण हे आजार काही वर्षांनीही परततात. म्हणून दुर्बिणीची तारीख चुकवू नये, आणि ती लक्षात ठेवण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांनीच घ्यावी.