पाच सेंटच्या भाड्याने घडवली, पाच सेंटनेच बुडवली!

मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. त्याच्या २१ वर्षे आधी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या अ‍ॅपलटन या लहानशा गावात ती धावू लागली होती. फॉक्स नदीच्या पाण्यावर १८८२ पासून तेथे वीजनिर्मिती होत असे. त्या विजेवर १८८६ मध्ये गाड्या चालू लागल्या. वरच्या तारेतून वीज घेण्यासाठी गाडीच्या टपावर दांडा असे. त्याच्या टोकाला तारेवर फिरणारे चाक म्हणजे 'ट्रॉली'. पुढे हेच नाव गाडीला पडले.

फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये रिचमंड शहरात या तंत्राचा भरवसा सिद्ध केला आणि ट्रॉली गावोगाव पोहोचली. शेजारच्या गावांना जोडणारे मार्गही टाकले गेले. १९१६ च्या सुमारास अशा आंतरशहर मार्गांची लांबी सुमारे २५ हजार किलोमीटर होती. शेतकऱ्याला बाजार आणि विद्यार्थ्याला शाळा जवळ आली. सुट्टीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून कंपन्यांनी मार्गांच्या टोकाला उद्याने उभारली.

मात्र या भरभराटीच्या पोटातच संकट दडलेले होते. रस्ता वापरण्याचा परवाना देताना अनेक नगरपालिकांनी भाडे पाच सेंटवर बांधून टाकले होते. रुळांमधील रस्त्याची फरसबंदी व डागडुजीही बहुधा कंपनीच्याच माथी असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली. १९१४ ते १९२० दरम्यान अमेरिकेतील ग्राहक किमती जवळपास दुप्पट झाल्या. मजुरी व साहित्याचा खर्च वाढला. भाडे वाढवण्यास मात्र लोकप्रतिनिधी सहजासहजी राजी होत नसत. मोठ्या शहरांत गर्दीने तूट काही अंशी भरून निघे. लहान गावांत तेवढे प्रवासीच नव्हते. त्यातच १९०८ मध्ये आलेली फोर्डची 'मॉडेल टी' मोटार स्वस्त होत गेली आणि ट्रॉली कंपनीच्या खर्चाने दुरुस्त झालेल्या रस्त्यावरून ट्रॉलीचेच प्रवासी पळवू लागली.

ट्रॉलीच्या अस्ताचे खापर अनेकदा मोटार कंपन्यांच्या संगनमतावर फोडले जाते. ते पूर्णतः निराधार नाही. जनरल मोटर्ससह काही कंपन्यांना नॅशनल सिटी लाइन्सला बस, इंधन व टायर पुरवण्यात मक्तेदारीचा कट केल्याबद्दल १९४९ मध्ये दोषी ठरवण्यात आले. परंतु नॅशनल सिटी लाइन्सची स्थापनाच १९३६ ची. अ‍ॅपलटनची ट्रॉली १९३० मध्येच थांबली होती. लहान गावांतील बहुतेक मार्गांची कहाणी अशीच आहे.

मेन राज्यातील बिडफर्ड व साको या जुळ्या गावांची सेवा १९३९ मध्ये बंद पडली, तेव्हा काही हौशी तरुणांनी तेथील ३१ क्रमांकाची गाडी १५० डॉलरला विकत घेतली. त्यातूनच केनेबंकपोर्ट येथे ट्रॉली संग्रहालय उभे राहिले. स्वस्त भाड्याने ट्रॉली लोकांची झाली. पण त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजणार, हे कोणीच ठरवले नव्हते.