ड्युटी चिनी कंपनी भरत नाही

“आयात यंत्रांवर ड्युटी वाढवली ते बरं झालं, चिनी कंपन्यांकडून वसूल करायलाच हवं.” अवजारांच्या दुकानात, कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर, व्हॉट्सॲपवर हे इतक्यांदा कानावर येतं की आता हसूही येत नाही. शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. आयात शुल्क परदेशी कंपनी भरत नाही. भारतातला आयातदार भरतो.

न्हावाशेवाला कंटेनर उतरला की ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल होतं ते आयातदाराच्या नावानं. ड्युटी त्याच्या खात्यातून गेली की माल सुटतो. समजा, एका पेरणी यंत्राची बंदरातली किंमत १ लाख रुपये आहे आणि मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के. झाले ७,५०० रुपये. या ७,५०० वर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी ७५०. यंत्र १,०८,२५० ला पडलं. त्यावर आयजीएसटी लागतो, पण त्याची वजावट व्यापाऱ्याला मिळते. सीमाशुल्काचे ८,२५० रुपये मात्र कुठेच वजा होत नाहीत. ते किमतीला चिकटतात. मग वाहतूक, डीलरचा नफा आणि या सगळ्यावर जीएसटी. शेतकरी सहसा जीएसटीत नोंदलेला नसतो, त्यामुळे साखळीच्या शेवटी उभा राहून वजावटीविना सगळं तोच देतो.

यावर हमखास येणारा प्रश्न: “पण गिऱ्हाईक टिकवायला परदेशी कंपनी भाव उतरवेलच ना?” कधीकधी उतरवते. किती, हे मोजलेलं आहे. अमेरिकेनं २०१८ मध्ये वाढवलेल्या शुल्कांवर मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २०१९ साली आला. जवळपास सगळा बोजा अमेरिकेतल्याच आयातदारांवर आणि ग्राहकांवर पडल्याचं त्यांना आढळलं. आपला बाजार वेगळा, तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण एवढी मोठी बाजारपेठ हातात असून अमेरिकेला जे जमलं नाही, ते आपल्याला आपोआप जमेल असं मानायला आधार काय?

ड्युटी लावूच नये, असं मी म्हणत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी देशात बनणाऱ्या शेती अवजारांवरच्या आयात-सवलती आवरत्या घेतल्या. इथल्या कारखानदाराला आडोसा मिळावा, हा त्यामागचा युक्तिवाद पटू शकतो. फक्त त्या आडोशाचं बिल चीनला जातं, असं कृपा करून सांगू नका.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण चिवट.

“सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरची ड्युटी १२ वरून ५ झाली.” तो जीएसटी होता. २२ सप्टेंबरपासून लागू झाला, देशी ट्रॅक्टरलाही. सीमाशुल्काचा त्याच्याशी संबंध नाही.

“मी देशी रोटाव्हेटर घेतो, मला ड्युटीशी काय करायचंय?” अवजार लोखंडाचंच असतं ना? एप्रिल २०२५ मध्ये काही सपाट पोलाद उत्पादनांच्या आयातीवर १२ टक्के तात्पुरतं संरक्षक शुल्क बसलं. आयात पोलाद महागलं की देशी पोलादालाही भाव चढवायला वाव मिळतो.

“मैदानाचा रोलर म्हणजे खेळाचं साहित्य.” मुळीच नाही. शुल्क-सूचीत तो ८४३२ या शीर्षकाखाली नांगर आणि पेरणी यंत्रांच्या पंगतीत बसतो. खेळाचं साहित्य ९५व्या प्रकरणात. २२ सप्टेंबरला नांगराचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा खेळपट्टीवर फिरणाऱ्या रोलरचाही आला.

“बजेटमध्ये ड्युटी उतरली, म्हणजे उद्या दुकानात स्वस्त.” साधारणपणे बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल होतं त्या दिवसाचा दर लागतो, सीमाशुल्क कायद्याचं कलम १५ पाहा. डीलरच्या गोदामातल्या यंत्रावर जुनी ड्युटी कधीच भरून झालेली असते, आणि ती परत मिळत नाही.