लय म्हणजे केवळ वेग नव्हे

पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी उघडली की आरंभीच एखादा इटालियन शब्द आढळतो : आदाजो, आंदान्ते, आलेग्रो, प्रेस्तो. आमच्या बिदर-कलबुर्गीकडील मराठी घरांत की-बोर्ड शिकणारी मुले त्यांचे अर्थ 'हळू', 'मध्यम', 'जलद' असे पाठ करतात. हे अर्थ चुकीचे नव्हेत. अपुरे मात्र आहेत.

'आलेग्रो' म्हणजे मुळात आनंदी. 'आंदान्ते' म्हणजे चालत, 'आदाजो' म्हणजे निवांतपणे, 'लार्गो' म्हणजे ऐसपैस. वेगाबरोबर वृत्तीही सांगणारे हे शब्द. १८१५ साली मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि मिनिटाचे ठोके आकड्यांत मांडता येऊ लागले. बेथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या सिंफनींसाठी असे आकडे प्रसिद्धही केले. तरी ते जुने शब्द टिकले; कारण आकडा चाल सांगतो, चालणाऱ्याचे मन सांगत नाही.

आपल्याकडील विचार याहून निराळा. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त लयीची व्याख्या केली, ती क्रियेनंतरची विश्रांती अशी. द्रुताच्या दुप्पट विश्रांती मध्य लयीत, मध्याच्या दुप्पट विलंबितात. म्हणजे आपली लय आघातात नसून दोन आघातांमधील अवकाशात आहे. पुढे ख्यालगायकीत हा दुपटीचा हिशेब मागे पडला. उस्ताद अमीर खाँ यांनी झूमऱ्यात गायिलेल्या अतिविलंबित लयीत तो अवकाशच रागाचे घर झाला.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. आमच्या बसवकल्याणाहून, त्या काळच्या कल्याणीहून, राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. मुसळ पडते आणि पुन्हा उचलले जाते. त्या मधल्या क्षणात श्वासही मावतो, शब्दही. शार्ङ्गदेवाने सांगितलेली विश्रांती ती हीच.

कांडण गेले, जाती कोपऱ्यात गेली. मुलांची मातृभाषाही शाळेच्या भाषांत आक्रसत चालली आहे. परंतु ज्यांच्या कंठी ओव्या आहेत, अशा आजी-आत्या अद्याप काही घरांत आहेत. यंत्राचे ठोके मोजण्याआधी मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. लय आणि भाषा, दोन्ही एकाच बैठकीत हाती लागतील.