काळबादेवीचा रस्ता

मुंबई शहरात लांबरुंद व प्रशस्त रस्ते पुष्कळ आहेत. त्यांच्या मानाने काळबादेवीचा रस्ता आखूड व अरुंद आहे. दक्षिणेस धोबी तलावापाशी तो सुरू होतो आणि झवेरी बाजार व मुंबादेवी यांच्या रोखाने पायधुणीकडे जातो. वाटेत काळबादेवीचे देऊळ आहे; त्यावरूनच या रस्त्यास हे नाव पडले. भरभर चालणाऱ्या माणसास हा रस्ता ओलांडावयास फार वेळ लागू नये. परंतु दिवसा येथे भरभर चालणे कोणासच साधत नाही. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे आणि माल यांची येथे अखंड वर्दळ चालू असते.

हा बाजार येथे कसा वसला, याची हकीकत एका आगीपासून सुरू होते. पूर्वी मुंबईचा बराचसा व्यापार किल्ल्यात, म्हणजे तटाच्या आत चालत असे. तेथे घरे, दुकाने व वखारी अगदी दाटीने उभ्या होत्या. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्यात भयंकर आग लागली आणि मोठा भाग जळून गेला. पुन्हा तशी दाटी होऊ नये म्हणून अनेक व्यापाऱ्यांना तटाबाहेर, उत्तरेकडे वसण्यास उत्तेजन देण्यात आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथून इंग्लंडला जाणारा कापूस बंद पडला आणि हिंदुस्थानच्या कापसास अतोनात भाव आला. मुंबईत पैशाचा ओघ सुरू झाला. त्याच दशकात किल्ल्याचा तट पाडण्यात आला. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा बोरीबंदरहून पायधुणीस जाणारी एक वाट काळबादेवीवरूनच काढण्यात आली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम आली व १९६४ साली ट्राम कायमची बंद झाली. काळबादेवीची वर्दळ मात्र ओसरली नाही.

आता हा रस्ता दक्षिणेकडून पाहू लागले, तर प्रथम लागतो धोबी तलाव. जेथे एके काळी धोबी कपडे धूत, तो तलाव केव्हाच बुजविला गेला. नाव तेवढे राहिले. या भागात पारशांची अग्निमंदिरे आणि इराण्यांची जुनी हॉटेले आहेत. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या तरुणांच्या ‘कुडी’ही याच परिसरात निघाल्या. एकेका गावाची एकेक कूड असे. बोटीवर काम मिळेपर्यंत त्या गावचा तरुण तेथे थोडक्या खर्चात राही.

थोडे पुढे जावे, तो कानांवर पडणारी भाषा बदलते. गुजराती, कच्छी व मारवाडी बोल ऐकू येऊ लागतात. मूळजी जेठा, मंगळदास, स्वदेशी अशा नावांचे मोठमोठे कापड बाजार या भागात आहेत. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली इमारतही याच रस्त्यावर आहे. तिच्यापासून फुटणाऱ्या शेख मेमन मार्गावर सोन्याचांदीचा झवेरी बाजार आहे. तेथील माड्यांवर मराठी सोनारांप्रमाणेच बंगालहून आलेले कारागीरही दागिने घडवीत असतात. पश्चिमेच्या भुलेश्वरात फुले व पूजासाहित्य मिळते, तर पायधुणीकडे तांब्यापितळेची भांडी. १८०२ साली पूर्ण झालेली जुम्मा मशीद जवळच एका जुन्या तलावावर उभी आहे. जिच्या नावावरून मुंबई हे नाव आले, त्या मुंबादेवीचे मंदिर आणि पायधुणीचे १८१२ सालचे गोडीजी पार्श्वनाथाचे जैन मंदिर हीही फार दूर नाहीत.

एकाच मालाची इतकी दुकाने शेजारी शेजारी का असावीत, असा प्रश्न कोणासही पडेल. शेजारी तोच माल विकत असेल, तर आपले गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, हे दुकानदारास कळत नाही काय? कळते, परंतु त्याहून मोठी गोष्टही त्यास कळते. नागपूरचा किंवा हुबळीचा व्यापारी कापड घेण्यास येतो, तेव्हा त्यास एका ठिकाणी दहा प्रकारचा माल पाहावयाचा असतो व भाव ताडून घ्यावयाचे असतात. ती सोय जेथे असते तेथेच तो येतो. एका दुकानासाठी जो आला नसता, तो शंभर दुकानांसाठी येतो. शिवाय कोणाचा शब्द खरा व कोणाची पत किती, हेही जवळजवळ बसणाऱ्या व्यापाऱ्यांस चटकन कळते. म्हणून ही दाटी हेच बाजाराचे बळ होय.

कापडाची एक गासडी येथून बाहेरगावी जाते, तेव्हा तिला किती हात लागतात! गादीवर बसलेला शेठ सौदा ठरवितो, दलाल दोन्ही पक्षांची गाठ घालून देतो, मुनीम वहीत नोंद करतो. माथाडी कामगार गासडी पाठीवर किंवा डोक्यावर घेतो आणि हातगाडीवाला गर्दीतून वाट काढीत ती मोटारीपर्यंत पोहोचवितो. मौल्यवान जिन्नस असेल, तर आंगडिया तो केवळ विश्वासावर परगावी नेतो. या माणसांची गावे, भाषा व धर्म निराळे असतात. परंतु त्यांतील एकानेही शब्द मोडला, तर सर्वांचे काम अडते. ओझी वाहणाऱ्यांच्या कष्टांकडे मात्र फार काळ कोणाचे लक्ष नव्हते. काम सुटले की मजुरीही सुटे. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला.

निरनिराळ्या लोकांनी एकत्र येऊन केलेल्या कामाची एक खूण भुलेश्वरात आजही आहे. १८३४ साली तेथे मोकाट व थकल्याभागल्या जनावरांसाठी पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या उभारणीत जमशेटजी जिजीभाई हे पारशी दाते आणि हिंदू व जैन व्यापारी यांचा हात होता. अर्थात येथे सदैव सलोखाच नांदला, असे नाही. १८९३ साली या भागाने दंगल पाहिली. २००३ व २०११ साली झवेरी बाजारात बॉम्बस्फोट होऊन निरपराध माणसे मरण पावली. प्रत्येक वेळी दुकाने पुन्हा उघडली. कारण शेजाऱ्यावाचून येथे कोणाचेच चालत नाही.

तथापि, जी दाटी बाजाराचे बळ ठरली, तीच त्याचे संकटही ठरते. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील एका जुन्या इमारतीस आग लागली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. परंतु आग विझविण्याचे काम चालू असता ती इमारत कोसळली. अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांना या दुर्घटनेत प्राण गमवावे लागले. हाताखालच्या लोकांना पुढे धाडून ते स्वतः मागे राहिले नव्हते. तेथील पेढ्यांशी त्यांचा व्यवहार नव्हता. लोकांचे रक्षण करणे एवढेच त्यांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी बजावले.

२०२५ साली भुयारी मेट्रोचे काळबादेवी स्थानक सुरू झाले. जेथे घोड्यांची ट्राम चालली, तेथे आता जमिनीखालून आगगाडी धावते. वाहने बदलली, तरी १८०३ च्या आगीने दिलेला धडा जुना झालेला नाही. गल्लीत माल रचून वाट अडविणारा एक माणूस शेकडो शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घालतो. आणि वाट मोकळी ठेवणारा, नावही ठाऊक नसलेल्या माणसाचे रक्षण करतो. ज्या विश्वासाने हा बाजार उभा केला, तोच विश्वास त्यास सुरक्षितही ठेवू शकेल.