घड्याळाशीं शर्यत

गेल्या फाल्गुनांत एके दिवशीं सायंकाळीं जठारपेठेंतील आमच्या घराच्या ओसरीवर एक लहानसा खटला चालला होता. फिर्यादी होती माझ्या धाकट्या बंधूंची नात, आणि आरोपी आम्ही सारीं वडीलधारीं माणसें. मुलगी अकरावींत शिकते. तिला ‘टाइम ट्रायल’ नांवाच्या सायकल-शर्यतीच्या निवड-चांचणीस जावयाचें होतें. “बारावीचें वर्ष तोंडावर आलें असतां हें खूळ कोठून काढलेंस?” हा तिच्या वडिलांचा प्रश्न. “पोरीनें पहाटे एकटीनें हमरस्त्यावर जायचें कीं काय?” हा तिच्या आजीचा. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, तुम्ही जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्यात. ही पण परीक्षाच आहे. आधीं ती काय आहे तें तरी समजून घ्या!”

तिचें बोलणें मला लागलें. ज्या विषयाची आपल्यास गंधवार्ता नाहीं त्यावर निकाल देण्यास आम्ही सारे सज्ज होतों. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या मुदतींत जें समजलें तें घरांत वाढत्या वयाचीं मुलें असणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहें.

शर्यत म्हटली कीं एकमेकांस मागें टाकणाऱ्यांची झुंबड डोळ्यांपुढें उभी राहते. या शर्यतींत तसें कांहीं नसतें. स्पर्धक एकेकटे, एकदोन मिनिटांच्या ठराविक अंतरानें, उतरत्या फळीवरून रस्त्यावर सुटतात. प्रत्येकाची वेळ मोजली जाते आणि ज्याची वेळ सर्वांत कमी तो विजयी. दुसऱ्याच्या आडोशानें सायकल हांकण्यास सक्त मनाई असते. पुढच्यास गांठलें तर बाजूनें दोन मीटर अंतर राखून निघून जावयाचें. आणि मागें पडलेल्यानें त्यानंतर निदान 25 मीटर मागेंच राहावयाचें. हा नियम एवढा कडक कां, याचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. ताशीं 40 किलोमीटरच्या पुढें सपाट रस्त्यावर स्वाराची बहुतेक शक्ति हवा कापण्यांतच खर्च होते. आणि वेग दुप्पट करावयाचा तर हवेशीं झगडण्यास आठपट शक्ति लागते. पुढें कोणी असला कीं हवा तो कापतो व मागच्याचें काम पुष्कळ हलकें होतें. टाइम ट्रायलमध्यें ही उसनवारी चालत नाहीं. परीक्षेच्या दालनांत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहण्यास जशी बंदी, तशीच ही.

या प्रकाराचा जन्म इंग्लंडांत झाला. 1890 सालीं तेथील सायकल-संघटनेनें सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींना विरोध केला. तेव्हां बिडलेक नांवाच्या गृहस्थांनीं 1895 मध्यें तोड काढली कीं स्वारांनीं एकेकटें सुटावें, म्हणजे शर्यत चालली आहे हें पाहणाऱ्याच्या लक्षांतच येऊं नये. पुढें कित्येक वर्षें हे लोक भल्या पहाटे, नखशिखांत काळा पोशाख करून निघत. पहाटे गुपचूप सायकल काढण्याचा मोह केवळ आमच्याच घरीं उत्पन्न झालेला नाहीं, हें वाचून मला थोडा धीर आला.

कुमार गटाचें जागतिक अजिंक्यपद या प्रकारांत 1994 पासून दिलें जातें. ज्या वर्षांत मुलास वा मुलीस 17 किंवा 18 वर्षें पुरीं होतात, त्याच वर्षीं या गटांत उतरतां येतें. म्हणजे संधि उणीपुरी दोन वर्षांची. 2018 सालीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें बेल्जमच्या रेम्को एव्हेनेपूल या मुलानें सुमारें 28 किलोमीटरचें अंतर तेहेतीस मिनिटांच्या थोडें वर वेळांत तोडलें. अकोल्याहून बाळापूर जवळपास तेवढेंच. दुसरा आलेला स्वार त्याच्या मागें एक मिनिटाहून अधिक होता. नवलाची गोष्ट अशी कीं हा मुलगा त्यापूर्वीं फुटबॉल खेळत असे. सायकलकडे तो 2017 मध्यें वळला. पुढें 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकांत त्यानें या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. स्वित्झर्लंडच्या फाबियन कान्चेलारा यानें 1998 व 1999 अशीं दोन्ही वर्षें कुमारांचें अजिंक्यपद जिंकलें आणि प्रौढ वयांत तेंच पद चार वेळां मिळविलें. जर्मनीचा मार्सेल किटेल 2005 व 2006 मध्यें कुमारांचा विजेता होता. पण पुढें त्याची कीर्ति झाली ती अगदीं निराळ्या विद्येंत, शेवटच्या कांहींशें मीटरच्या झेपेंत. सतराव्या वर्षीं दिसलेला गुण पुढें कोणतें रूप घेईल, हें ज्योतिषानें किंवा टक्केवारीनें सांगतां येत नाहीं.

परंतु माझ्या मनांत घर करून राहिली ती निराळीच एक गोष्ट. सायकलीस मोठा गिअर लावला कीं पायडलाच्या एका फेऱ्यांत अंतर अधिक तुटतें, पण गुडघ्यांवर भार फार पडतो. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघानें कुमारांसाठीं एक मर्यादा घातली होती: पायडलाच्या एका पूर्ण फेऱ्यांत सायकल 7.93 मीटरहून अधिक पुढें जातां कामा नये. हाडें कोवळीं आहेत; या वयांत जोराऐवजीं लय शिकावी, हा हेतु. ही मर्यादा बरींच वर्षें चालली आणि 2023 पासून काढून टाकण्यांत आली. आतां तो विवेक शिक्षकांनीं व आईबापांनींच करावयाचा आहे.

हें वाचलें आणि मी चपापलों. आपल्या घरांतून सतराव्या वर्षाच्या मुलांना आपण कोणता गिअर लावून देतों? सकाळीं कॉलेज, दुपारीं एक शिकवणी, सायंकाळीं दुसरी, रात्रीं सराव-प्रश्नपत्रिका. टाइम ट्रायलमध्यें पहिल्या पांच मिनिटांतच सारा जोर खर्चणारा स्वार उत्तरार्धांत ढेपाळतो. जाणता स्वार सारखा श्वास राखून शेवटपर्यंत पुरेल एवढीच शक्ति क्षणोक्षणीं वेंचतो. हा संयम कोणत्या शिकवणींत शिकवितात?

येथें मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. मी मास्तर असतांना खेड्यावरून रोज सायकलीनें शाळेंत येणारा एक विद्यार्थी होता. गांवांतल्या शर्यतींत तो पहिला येई. शेवटच्या वर्षीं त्याच्या वडिलांनीं माझा सल्ला विचारला आणि मीं मोठ्या अधिकारानें सांगितलें कीं शर्यती बंद करा. मुलगा पास झाला. गुण बेताचेच पडले. बऱ्याच वर्षांनीं तो स्टेशनवर भेटला. त्यानें वांकून नमस्कार केला, मुलाबाळांची हकीकत सांगितली, आणि निघतांना हंसत म्हणाला, “गुरुजी, त्या वर्षीं मी किती जोरानें जाऊं शकलों असतों, तें मात्र कळायचें राहून गेलें.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें.

आठव्या दिवशीं ओसरीवर पुन्हां बैठक भरली. आजीबाईंची शंका मीं मुळींच उडवून लावली नाहीं, कारण ती खरी आहे. जागतिक स्पर्धेंत रस्ता वाहनांना बंद असतो. आमच्याकडे तसें नाहीं. 2022 च्या जूनमध्यें अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचें एकपदरी डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत अखंड काम करून पुरें झालें व तो जागतिक विक्रम ठरला. रस्त्यानेंही घड्याळाशीं शर्यत लावली म्हणावयाची! पण त्या रस्त्यावर मालमोटारी धांवतात. पोरीची सायकल तेथें नको, हें मींच सांगितलें. मात्र मुलीची जात म्हणून नको, हें मला मान्य नव्हतें. 2020 सालीं गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेंत महाराष्ट्राच्या पूजा दानोळे हिनें सायकलींत सुवर्णपदकें मिळविलीं, हें मीं वाचून दाखविलें. शिवाय 1914 सालीं निघालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 मध्यें आपले देशी खेळ दाखविण्यास थेट बर्लिनच्या ऑलिंपिकास गेला होता. व्यायामाचें वावडें वऱ्हाडास कधींच नव्हतें.

शेवटीं असें ठरलें: दोन शिकवण्यांपैकीं एक सोडावी, सराव उजाडल्यावर, गांवाबाहेरच्या आडरस्त्यावर व्हावा, डोक्यास शिरस्त्राण असावें, मागें स्कूटरवर वडील असावेत, आणि घड्याळ माझ्या हातीं असावें.

निवड-चांचणींत ती निवडली गेली नाहीं. पंधरा किलोमीटरांस तिनें योजिलेल्या वेळेहून दीड मिनिट अधिक लागलें. परततांना वाटेंत ती कांहीं बोलली नाहीं. घरीं आल्यावर तिनें वही काढली, तारीख घातली आणि वेळ सेकंदासह लिहिली. वाऱ्याची, सायकलीची किंवा रस्त्याची एकही सबब तिनें शेजारीं लिहिली नाहीं. आजीनें पुढें ठेवलेलें थालीपीठ खातां खातां तिनें विचारलें, “आजोबा, पुढच्या रविवारीं तुम्ही मोकळे आहांत ना?”

माझ्या पिशवींतल्या घड्याळास मीं त्याच रात्रीं नवी बॅटरी घातली.